मास्तरांचा उरलेला शब्द

मास्तरांनी शेवटचं पाप केलं त्याला तेवीस वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट ते तारखेनिशी सांगत. बढाई म्हणून नव्हे, कुणी विचारलं तर. पण शिंप्याकडे माप द्यायला आलेला माणूस हात पसरून उभा असतो, त्याला पळता येत नाही. त्यामुळे छातीला टेप गुंडाळता गुंडाळता मास्तर स्वतःच विषय काढायचे. "छत्तीस," असं पुटपुटून वहीत आकडा टिपायचे आणि म्हणायचे, "माणसाला पाप न करता जगता येतं, बरं का. मी जगतोय."

आणि खोटं तरी कसं म्हणणार? वीतभर कापड उरलं तरी ते घडी घालून परत करायचे. शिंपी असून कपडे सांगितल्या दिवशी द्यायचे. एवढ्यावरच गल्लीतल्या कुणीही त्यांना संत म्हटलं असतं.

त्यांची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, लहान. चाळीस-पन्नास माणसं रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायची. ज्याचं तारण झालं, म्हणजे देवाने ज्याला पापातून सोडवलं, तो आज्ञा पाळतो, आणि जो पाळत नाही त्याचं तारण झालेलंच नाही, अशी तिथली सरळसोट शिकवण. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकेकाने उठून साक्ष द्यायची, आपला महिना कसा गेला याची. मास्तर या मंडळीतले वडील होते, म्हणजे पाळकांच्या, धर्मगुरूंच्या, खालोखाल त्यांचा मान. कुणाला प्रभूभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला, बसू द्यायचं आणि कुणाला थांबवायचं, ते मास्तर ठरवायचे.

त्यांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, याच्या अगदी उलट. त्याचं सलून दोन दुकानं सोडून. तो कोपऱ्यावरच्या मोठ्या जुन्या चर्चमध्ये जायचा. जायचा म्हणजे उशिरा पोचायचा आणि लवकर निघायचा. दर रविवारी दुपारी तो बहिणीकडे जेवायला यायचा आणि दाजींशी वाद घालायचा. वीस वर्षं तोच वाद, तीच दोन माणसं, तेच टेबल.

"तारण फुकट आहे, दाजी. फुकट म्हणजे फुकट."

"फुकट मिळालं म्हणून मळवायचं? तुला कुणी नवा कोट शिवून दिला, तर तो घालून चिखलात लोळशील?"

"लोळणार नाही. पण पाय घसरून पडलो तर?"

"पडायचंच नाही."

"अहो, पण पडलोच तर?"

"पडायचंच नाही म्हटलं ना!"

मग मास्तरांची बायको मधे पडायची. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. "आधी जेवा," ती म्हणायची, "स्वर्गात कोण जातंय ते नंतर बघू. ताट निवतंय."

त्या मंगळवारी सकाळी मास्तर एका कोटाचं कापड बेतत होते. खडूची रेघ मारून झाली होती, कात्री अर्ध्यावर आली होती, आणि कात्री खाली पडली. कुणी पाडली ते बघायला वळायला गेले, तर वळताही येईना. मागच्या बाजूला वहिनी काजं करत होत्या. धप्प आवाज आला म्हणून त्या उठून आल्या.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी मास्तरांना नीट शुद्ध आली. उजवा हात लोंबत होता, उजवा पाय जडावला होता. एका नर्सने त्यांच्या पाठीमागे उशी लावली, चमच्याने पाणी पाजलं, ओघळलेलं पाणी हनुवटीवरून पुसलं. कोणी परकी बाई इतक्या मायेने करतेय हे बघून मास्तरांना भरून आलं. देव तुमचं भलं करो, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"हरामखोर," मास्तर म्हणाले.

शब्द अगदी स्पष्ट आणि ठणठणीत. नर्सचा हात जागच्या जागी थांबला. मास्तर तिच्याहून जास्त दचकले. चूक सावरायला त्यांनी घाईघाईने पुन्हा तोंड उघडलं. "हरामखोर! हरामखोर, हरामखोर..." जितकं सावरायला जावं तितकं बिघडत चाललं. वहिनींनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूत जिथे भाषा राहते, तिथला रक्तपुरवठा तुटला होता. ठरवून बोलायचे शब्द गेले. अशा वेळी कधीकधी एखादाच, आपसूक येणारा शब्द मागे उरतो. कुणाचा 'हो हो' उरतो, कुणाचा 'अरे देवा'. यांचा हा उरला. हळूहळू बाकीचे परत येतील, निदान काही तरी. "यात त्यांचा दोष नाही. तुम्ही मनावर घेऊ नका."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. मास्तरांचा काही पडेना. 'अरे देवा' उरलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? तो शब्द कुठून आला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरुणपणी ज्या कपड्यांच्या कारखान्यात ते शिवण शिकले, तिथला मुकादम दिवसभर त्याच शब्दाने सगळ्यांना हाका मारायचा, आणि सगळी पोरं एकमेकांना. मास्तर त्यात पुढे होते. नंतर त्यांनी तो शब्द धुऊन काढला होता. धुऊन काढला होता, असं त्यांना वाटत होतं.

घरी आल्यावर वहिनींनी पुढचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. कुणी भेटायला आलं की "आत्ताच डोळा लागलाय" असं उंबऱ्यावरच सांगायच्या. पण पाळकांना कोण थांबवणार? पाळक मास्तरांहून वीस वर्षांनी लहान, मास्तरांच्या हाताखालीच तयार झालेले. अंगातला कोटसुद्धा मास्तरांनी शिवलेला. त्यांनी पलंगाशी बसून मनापासून प्रार्थना केली. प्रार्थना संपली तेव्हा मास्तरांना आमेन म्हणायचं होतं, आणि आपल्याला काय म्हणता येतं हे त्या क्षणी ते विसरून गेले.

पाळक पांढरेफटक पडले. निघताना दाराशी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आत जे असतं तेच ओठांवर येतं, असं मास्तरच आम्हाला शिकवत आलेत. तेव्हा... बरं वाटलं की आणा त्यांना. घाई नाही." बिचारे कठोर माणूस नव्हते. जे शिकले तेच बोलले. मास्तरांची जीभ गेली होती, कान शाबूत होते. आपणच शिवलेला कोट आपल्यालाच कुठे कुठे काचतो, हे त्या दिवशी त्यांना कळलं.

तरीही त्यांनी मनाची एक समजूत घालून ठेवली होती. शब्द तोंडात आहे, मनात नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय, दोष नाही. म्हणजे तेवीस वर्षं अजून मोडलेली नाहीत. या समजुतीवर त्यांनी दोन आठवडे काढले.

मग एका सकाळी वहिनी त्यांना सदरा घालत होत्या. खिडकीबाहेर कुणी हाक मारली, त्यांचं लक्ष गेलं, आणि एक काज चुकलं. सगळी बटणं एकेक घर खाली सरकली. गळ्यापाशी एक काज रिकामं, खाली एक बटण मोकळं. चाळीस वर्षं लोकांच्या अंगावर कपडे बसवलेल्या माणसाला स्वतःच्या अंगावर हे बघवेना. त्यांनी डाव्या हाताने वहिनींचा हात झटकला आणि म्हणाले, "हरामखोर!"

या वेळी तो शब्द वाट चुकून आला नव्हता. बोलावल्यावर आला होता. आणि मास्तरांना आणखी एक गोष्ट कळली, ती जास्त वाईट होती: म्हणून टाकल्यावर क्षणभर बरं वाटलं होतं.

वहिनींनी सगळी बटणं काढली आणि पहिल्यापासून पुन्हा लावायला घेतली. "हे मात्र तुम्ही मला म्हणालात," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान खाली घातली.

"कळतं हो मला. इतके दिवस म्हणता ते वेगळं आणि आत्ताचं वेगळं." दुसरं बटण, तिसरं बटण. "आणि खरं सांगू का? हा शब्द तरी येतो आणि जातो. पण आधी तुम्ही रागावलात की बोलणंच बंद करायचात. चार-चार दिवस. हाक नाही, हूं नाही. कात्री हवी असली तरी बोटाने दाखवायचात. आणि रविवारी उभं राहून साक्ष द्यायचात, महिना चांगला गेला म्हणून. मी तिथेच शेजारी बसलेली असायचे. मनात म्हणायचे, वाईट शब्दाला पाप म्हणतात, मग मुद्दाम न बोललेल्या शब्दाला काय म्हणत असतील?"

मास्तर रडायला लागले. लहान मुलासारखे, नाक पुसायचंही भान नाही. त्या चार-चार दिवसांना ते संयम समजत आले होते. जिभेवर ताबा म्हणून त्याचं मनातल्या मनात कौतुकही केलं होतं.

"रडू नका हो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कॉलर सरळ केली, खांद्यावरून हात फिरवला. "मी ते कधीच सोडून दिलंय. नाहीतर इथे बटणं लावत बसले असते का?"

कधीच! मास्तर दिवसभर त्या एका शब्दापाशी अडून राहिले. आपण मागितली नाही, आपल्याला गरज आहे हेही ठाऊक नव्हतं, आणि क्षमा कधीची घरात येऊन राहिली होती. आपल्या मागच्या बाजूला बसून काजं करत होती. ते तिच्याच हातचं जेवत होते.

मेव्हणा रोज सकाळी सलून उघडायच्या आधी त्यांची दाढी करायला यायचा. पहिल्या दिवशी आला तेव्हा वहिनींना वाटलं, हा दोन दिवस येईल आणि तिसऱ्या दिवशी विसरेल. पण तो आला. पाण्याचं भांडं, ब्रश, वस्तरा, तुरटी, सगळं सोबत घेऊन, एक दिवस न चुकता. वादही एकट्यानेच घालायचा, दोन्ही बाजूंनी. "आता तुम्ही म्हणणार, आज्ञापालन. त्यावर मी म्हणणार, कृपा. त्यावर तुम्ही डोळे वटारणार. वटारा बघू. हां!"

बटणांच्या गोष्टीनंतरच्या दिवशी मात्र तो गप्प होता. एक गाल करून झाला, वस्तरा पुसला, आणि म्हणाला, "दाजी, तुम्हाला उलट बोलता येत नाही म्हणून सांगतो. आई शेवटची आजारी होती, तेव्हा दोन महिने मी तिच्याकडे फिरकलो नाही. मला तो वास सहन व्हायचा नाही. ताईने सगळं केलं. मी चर्चमध्ये एकदा गुडघे टेकले, म्हटलं देवा माफ कर, आणि मोकळा झालो. कृपा आहे ना! फुकट आहे ना!" त्याने वस्तरा पुन्हा उचलला, पण गालाला लावला नाही. "पण ताईला काही म्हणालो नाही. आजतागायत नाही. तुमची दाढी करायला येतो ना, ते काय तुमच्यासाठी येतो असं समजू नका."

मास्तरांना त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी मायेचं बोलायचं होतं. तोंड उघडलं. "हरामखोर."

मेव्हण्याने एक क्षण त्यांच्याकडे बघितलं आणि त्याला हसू फुटलं. "बरोबर बोललात! अगदी बरोबर!" हसता हसता त्याचे डोळे भरले. "अहो दाजी, या शब्दाचा अर्थ काय, सांगा. कष्ट न करता खाणारा. स्वतःचं नसलेलं, न कमावलेलं खातो तो. मग आपण दुसरे कोण आहोत? तुम्ही तेच, मी तेच. वीस वर्षं मी जे समजावून सांगतोय, ते तुम्हाला एका शब्दात जमलं!"

अर्ध्या दाढीचे मास्तर आणि फेसाचा ब्रश हातात धरलेला मेव्हणा, दोघेही इतके हसले की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. आणि आल्याच आहेत तर मेव्हण्याने तिथल्या तिथे, हसणं ओसरायच्या आत, जे म्हणायचं राहिलं होतं ते बहिणीला म्हणून टाकलं. वहिनींनी ऐकून घेतलं. "कळलं," त्या म्हणाल्या, "आता त्यांचा दुसरा गाल कर. साबण सुकतोय." पण जाताना त्यांनी भावाच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायच्या तशी.

त्याच दुपारी मास्तरांनी खुणेने खडू मागितला आणि डाव्या हाताने पाटीवर काहीतरी काढलं. एक चौकोन, त्यात कोपऱ्यात लहान चौकोन. त्याच्या शेजारी चार पायांचं एक जनावर.

"पेटी?" वहिनी म्हणाल्या. "खिडकी? आणि ही शेळी का?"

मास्तरांनी नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. जनावराला शेपटी काढली, मग दात काढले.

मेव्हण्याने पाटी हातात घेऊन तिरकी धरून पाहिली. "हे पाकीट आहे. वर तिकीट लावलंय. आणि हा कुत्रा... ताई! टपालवाल्या बाई!"

वहिनींना आठवलं. नऊ वर्षं झाली असतील. या गल्लीत टपाल वाटणाऱ्या बाई त्यांच्याच मंडळीत यायच्या. एकदा एका फाटकातून कुत्रा आला आणि त्यांच्या पोटरीला चावला. कुत्र्याचा मालक मदत करायची सोडून हसत उभा राहिला. बाईंनी त्याला शिवी दिली. हे कुणाला कळलंही नसतं. पण महिन्याच्या साक्षीला त्या स्वतः उठल्या आणि प्रामाणिकपणे सांगून बसल्या. मास्तरांनी उभं राहून त्यांना सहा महिने प्रभूभोजन बंद केलं. बाई दोन रविवार मागच्या खुर्चीवर बसल्या, तिसऱ्या रविवारी आल्या नाहीत. नंतर त्यांनी गल्लीही बदलून घेतली.

"त्यांच्याकडे जायचंय?" वहिनींनी विचारलं. मास्तरांनी हो म्हणून मान हलवली. "अहो, पण तुम्ही बोलणार काय?"

तोच तर प्रश्न होता. मास्तरांनी रात्रंदिवस सराव केला. बोलायला शिकवणाऱ्या बाई दर गुरुवारी यायच्या, त्यांनी दाखवल्याप्रमाणे ओठ मिटून 'म' काढायचा, मग 'मा'. 'मा'पर्यंत गाडी यायची आणि पुढे रुळावरून घसरायची.

शनिवारी दुपारी तिघे निघाले. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला वहिनी, मागे मेव्हणा. टपालवाल्या बाई पहिल्या मजल्यावर राहायच्या. सतरा पायऱ्यांना मास्तरांना पाव तास लागला. दार उघडलं तेव्हा बाईंच्या पायांत सपाता होत्या, नुकत्याच कामावरून आल्या होत्या. खाकी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. त्यांनी मास्तरांना ओळखलं आणि चेहरा बंद केला. तरीही म्हणाल्या, "या."

मास्तर बसले नाहीत. काठीवर भार देऊन उभे राहिले, ओठ मिटले, सगळा जोर लावला. "मा..." वहिनींनी श्वास रोखला. "मा... हरामखोर!"

बाई ताडकन मागे सरकल्या.

मास्तरांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा तेच, आणि गालांवरून पाणी वाहायला लागलं. मेव्हणा घाईघाईने पुढे झाला. "बाई, थांबा, दार लावू नका. त्यांच्या डोक्यात रक्त अडकलं, सगळे शब्द गेले, एवढा एकच राहिला. पाणी हवं असलं तरी हेच म्हणतात, देवाचं नाव घ्यायचं असलं तरी हेच. तुमची माफी मागायला सतरा पायऱ्या चढून आलेत."

बाईंनी एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा मेव्हण्याकडे. "माफी? हे?" त्यांचा आवाज वर गेला. "अहो, मी तर त्या माणसाला नुसतं हलकट म्हटलं होतं!"

असं म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा फुटला. आधी हसू आलं, मग त्या हसण्याच्या पोटातून रडू आलं, आणि त्या खाली बसल्या. "नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. "मी खरं बोलले म्हणून मला बाहेर बसवलंत. नंतर मला वाटायला लागलं, खोटं बोलणाऱ्यांचंच बरं. मग प्रार्थनाही सुटली. कुणाच्या तोंडाने करू?"

मास्तर आता तोंड उघडत नव्हते. नुसते ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाची साक्ष उत्तर तयार न ठेवता ऐकली.

बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे पुसले. "माफ केलं," त्या म्हणाल्या. "असं एका दमात होतं की नाही मला माहीत नाही. पण आज केलं. उद्या पुन्हा राग आला तर पुन्हा करीन. बसा आता, पडाल."

मास्तर बसले ते नेमके कोट टाकलेल्या खुर्चीशेजारी. आणि शिंप्याची नजर जाईल तिथेच गेली: कोटाचं दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. त्यांनी बोट दाखवलं, मग बायकोकडे बघितलं. वहिनींच्या पिशवीत सुई-दोरा कायम असायचा. त्यांनी दोरा ओवून दिला.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या, "मी लावीन."

"लावू द्या त्यांना," वहिनी म्हणाल्या.

ज्या हाताने हजारो बटणं डोळे मिटून लावली होती तो हात मांडीवर निजला होता. डाव्या हाताला काही येत नव्हतं. कोट वहिनींनी धरून ठेवला. सुई दोनदा पडली, एकदा बोटात घुसली. बाईंनी मधेच उठून चहा केला, तो निवला. त्या एका बटणाला चाळीस मिनिटं लागली, आणि कुणीही घाई केली नाही. मास्तरांच्या मनात त्या वेळी साक्षही नव्हती आणि तेवीस वर्षंही नव्हती. कुणी सांगितलं म्हणून ते हे करत नव्हते, आणि केल्याने काही मिळणार होतं म्हणूनही नाही. आपल्याला इतकं मिळालंय, आता स्वस्थ बसवत नाही, एवढंच त्यांना वाटत होतं.

बटण तिरपं बसलं, शेजारच्या बटणाच्या थोडं वर. मास्तरांनी ते बघितलं आणि उसवायला कात्री मागितली. बाईंनी कोट त्यांच्या हातातून काढून घेतला, अंगात घातला आणि ते बटण लावलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "याला आता कुणी हात लावायचा नाही."

टपालवाल्या बाई पुन्हा मास्तरांच्या मंडळीत आल्या नाहीत. मेव्हण्याच्या चर्चमध्ये मात्र कधीमधी मागच्या बाकावर दिसतात, असं तो सांगतो. म्हणजे तोही हल्ली वेळेवर पोचत असावा. मास्तर शाळेच्या हॉलमध्ये जातात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी साक्षीच्या वेळी बसून राहतात. पाळकांनी एकदा त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं होतं, मग पुढच्या माणसाला उठवलं.

त्या शनिवारी घरी परतल्यावर वहिनींनी टेबलावर पानं घेतली. जेवणाआधीची प्रार्थना आजारपणापासून त्याच करत होत्या. त्यांनी डोळे मिटले, पण मास्तरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग आपला डावा हात निजलेल्या उजव्या हातावर ठेवून त्यांनी मान खाली घातली. समोर वाफाळतं जेवण होतं, शेजारी बायको होती, टेबलापलीकडे मेव्हणा होता, आणि यांतलं काहीही त्यांनी कमावलेलं नव्हतं.

"हरामखोर," मास्तर अगदी हळू, एकेक अक्षर जपून म्हणाले.

"आमेन," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात वाढायला लागल्या.